पाणी कुठून येते?

आमचे शेजारी काका मुंबईच्या गोदीत छत्तीस वर्षे कारकुनी करून गेल्या वर्षी गावी परतले. निवृत्तीचे पैसे हाती आले म्हणजे कोकणी माणूस काय करतो, हे वाचकांना सांगावयास नको. तो घर शाकारतो, विहिरीला पंप बसवतो, पाचपंचवीस कलमे लावतो आणि उरलेले आयुष्य भाऊबंदांशी हद्दीवरून भांडत सुखाने घालवतो. काकांनी मात्र एके दिवशी सकाळी येऊन मला सांगितले, की आपण एक जुनी होडी विकत घेणार आहोत आणि यापुढे तिच्यातच राहणार आहोत. त्यांच्या काखेत फोर्टातल्या पदपथावर घेतलेले एक इंग्रजी पुस्तक होते. ते माझ्यापुढे टाकून ते म्हणाले, "मास्तर, तुमी कादंबऱ्यो लिवतास. सांगा, ह्यातला खरा किती?"

समीक्षकाला हा प्रश्न सहसा कुणी विचारीत नाही. त्याला विचारतात ते घाट, प्रतिमा, अनुभवाची घनता वगैरे. येथे एका माणसाचा भविष्यनिर्वाह निधी एका पुस्तकावर टांगलेला होता. तेव्हा मी ते पुस्तक नि त्याच्या जातीची आणखी दोन पुस्तके मिळवून वाचली. माझे इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचे. कोश मांडीवर घेऊन वाचावे लागले, आणि सावकाश वाचल्यामुळे एरवी नजरेतून निसटले असते ते दिसले.

काकांचे पुस्तक म्हणजे जोशुआ स्लोकमचे 'सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड'. १९०० साली निघालेले हे पुस्तक शिडाच्या होडीतून जगप्रवास करू पाहणाऱ्यांची पोथीच आहे. स्लोकम हा शिडाच्या जहाजांचा कप्तान. आगबोटी आल्या, शिडाची जहाजे मोडीत निघाली आणि हा उमेदीच्या वयात बेकार झाला. १८९२च्या हिवाळ्यात एका जुन्या स्नेह्याने त्याला एक जहाज देऊ केले. मात्र ते जरा दुरुस्त करावे लागेल, असे सांगून ठेवले. मॅसॅच्युसेट्समधल्या फेअरहेवन गावी जाऊन पाहतो तो हे जहाज एका शेतात टेकू देऊन उभे! कालवे काढण्याच्या कामातले एक म्हातारे गलबत. 'स्प्रे' तिचे नाव. गावकऱ्यांना वाटले, हा ते मोडून लाकूड विकणार. स्लोकमने शेजारच्या कुरणातले ओक तोडले आणि तेरा महिने खपून ती होडी नव्याने बांधली. सामानाला ५५३ डॉलर ६२ सेंट खर्च आला, असा चोख हिशेब त्याने दिला आहे. एकेक करून सगळे लाकूड बदलले गेले. मग जुनी 'स्प्रे' कुठे संपली नि नवी कुठे सुरू झाली? आपल्याकडची जुनी घरे अशीच तर टिकतात: आज वासा, उद्या खांब, परवा जोते, आणि तरी घर पणजोबांचेच.

२४ एप्रिल १८९५ला बोस्टनहून तो एकटा निघाला आणि सुमारे ४६,००० मैल तोडून २७ जून १८९८ला न्यूपोर्टला परतला. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस. निघाला तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होता, आणि त्याला पोहता येत नव्हते. प्रवासासाठी घेतलेले घड्याळही फुटक्या तबकडीचे. तेवढ्यासाठी दुकानदाराने दीड डॉलरचे ते एका डॉलरला दिले. पुढचे पुस्तक दिवाळीत मुलांना वाचून दाखवावे असे आहे. अझोर बेटांवरची आलुबुखारे नि पांढरे चीज खाऊन पोटात कळा येऊन तो पडतो, आणि कोलंबसाच्या ताफ्यातला 'पिंटा'चा सुकाणूदार येऊन रात्रभर होडी हाकतो! दक्षिण अमेरिकेच्या टोकाला रात्री चोरून चढणाऱ्यांसाठी हा गडी डेकवर गालिचाच्या चुका पसरून झोपतो, आणि अनवाणी पाहुणे बोंब मारीत समुद्रात उड्या घेतात.

स्लोकमची खरी ताकद मला वाटते ती या चमत्कारांत नाही, त्याच्या हिशेबीपणात आहे. किती खिळे, किती फळ्या, कुठल्या सांध्यात काय भरले, हे तो आपल्या सुतारासारखे सांगतो, आणि म्हणूनच भुताने सुकाणू धरले तरी आपण विश्वास ठेवतो. परंतु हाच हिशेबी माणूस एका जागी वही मिटतो. त्याची पहिली पत्नी व्हर्जिनिया त्याच्या जहाजांवर राहिली, तिची मुले जहाजांवर जन्मली, आणि १८८४त ती ब्यूनोस आयरेसला वारली. दुसरी पत्नी हेटी एका सफरीत त्याच्याबरोबर होती. त्या सफरीत जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यावर फुटले आणि सगळे कुटुंब स्वतः बांधलेल्या होडीतून अमेरिकेला परतले. त्यानंतर ती बाई त्याच्याबरोबर पुन्हा लांबच्या सफरीवर गेली नाही. 'स्प्रे' निघाली तेव्हा ती जमिनीवर राहिली. तीन वर्षे ती काय करीत होती, याविषयी या पुस्तकात जवळजवळ अवाक्षर नाही. आणि पुस्तकानंतरची गोष्ट तर पुस्तकात असणे शक्यच नव्हते. १९०२ला स्लोकमने मार्थाज व्हिनयार्ड बेटावर वेस्ट टिसबरीला शेतवाडी घेतली. म्हणजे त्यानेही शेवटी घर घेतले! ते त्याला मानवले नाही. नोव्हेंबर १९०९मध्ये तो त्याच 'स्प्रे'मधून निघाला तो कुणाच्या दृष्टीस पडला नाही.

एवढे मी काकांना सांगितले. ते हिरमुसले नाहीत. म्हणाले, दुसऱ्या पुस्तकात काय आहे?

दुसरे एल. टी. सी. रोल्टचे 'नॅरो बोट', १९४४चे. 'क्रेसी' नावाची जुनी लाकडी कालव्यातली बोट दुरुस्त करून हा इंजिनिअर १९३९मध्ये बायकोसह तिच्यात राहावयास गेला तो १९५१पर्यंत राहिला. पुस्तक गोड आहे, वर्णने सुरेख आहेत. त्याच्यामुळे इंग्लंडात ओसाड पडलेले कालवे वाचवण्याची चळवळ उभी राहिली. पण कालवा म्हणजे आपल्या पाटाचा थोरला भाऊ. काठावरून बैल चालावा तशी पूर्वी घोडी बोट ओढीत. तेथल्या शहाणपणाने देवबागच्या मुखाशी होडी नांगरू नये. शिवाय त्या जोडप्याचा संसारही बोटीबरोबरच १९५१मध्ये संपला. ते पुस्तक आधीच लिहून झाले होते, त्यामुळे तेही त्यात नाही.

तिसऱ्या पुस्तकाने मात्र माझी झोप उडवली. पेनेलोपी फिट्झजेरल्डची 'ऑफशोअर' ही छोटी कादंबरी. १९७९चे बुकर पारितोषिक तिला मिळाले. या बाईंचे पहिले पुस्तक निघाले तेव्हा त्या साठीला टेकल्या होत्या. १९६०नंतर काही काळ त्या मुलांसह लंडनला थेम्सवर एका जुन्या बोटीत राहत. घर परवडत नव्हते म्हणून. ती बोट बुडाली. 'ऑफशोअर'मध्ये अशाच मोडक्या बोटींवर राहणारी माणसे आहेत. भरती आली की त्यांची घरे तरंगतात, ओहोटी लागली की चिखलात बसतात. दिवसातून दोनदा त्यांना जलचर नि भूचर व्हावे लागते. त्यांत पासष्ट वर्षांचा विलिस नावाचा चित्रकार आहे. आयुष्यभर जहाजांची चित्रे काढली. आता आपली जुनी बोट विकून बहिणीकडे जावे, अशी त्याची इच्छा. बोटीला मोठी गळती आहे. शेजाऱ्यांनी ती बोलू नये, अशी त्याची विनंती. त्यांच्यातला एक सरळमार्गी गृहस्थ अडून बसतो, तेव्हा तोड निघते ती अशी, की गिऱ्हाइकाला बोट फक्त ओहोटीला दाखवावी. ओहोटीला बोट चिखलात बसलेली. पाणी येणार कुठून? विक्री पुरी होण्याआधीच ती बुडते.

मला वाटते, होडीवरच्या साऱ्या लेखनाची परीक्षा या एका प्रसंगात आहे. लेखक आपल्याला होडी कधी दाखवतो, भरतीला की ओहोटीला? स्लोकम लाकडाच्या बाबतीत भरतीला दाखवतो, संसाराच्या बाबतीत ओहोटीला. रोल्ट बहुतेक सगळेच ओहोटीला दाखवतो. फिट्झजेरल्डबाई गळतीवर बोट ठेवतात. तिच्या कादंबरीतल्या नेनाचा नवरा बोटीवर यावयास तयार नाही, रिचर्डच्या बायकोला बोटीवर राहावयाचे नाही. जी भांडणे इतरांनी पुस्तकाबाहेर ठेवली तीच येथे पुस्तक झाली आहेत. आणि विशेष हे, की वाचून होडीत राहणाऱ्यांविषयीची माया कमी होत नाही, वाढते.

आता कुणी म्हणेल, हे सारे इंग्रज-अमेरिकनांचे. आपल्या मराठीत काय आहे? मी शोधू लागलो, आणि सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात राहून जे उत्तर मिळाले त्याची मला लाज वाटली.

आमच्या या जिल्ह्याने मराठीला लेखक थोडे दिले नाहीत. चिं. त्र्यं. खानोलकर वेंगुर्ल्याजवळच्या बागलांच्या राईतले. त्यांच्या 'कोंडुरा'त समुद्र आहे, पण तो कानांनी ऐकावयाचा, अंगावर काटा आणणारा, जमिनीवरच्या माणसाच्या मनाला भोक पाडणारा समुद्र. त्यात कुणी वल्हे मारून घामाघूम होत नाही. जयवंत दळवी आरवलीचे. १९६४च्या 'सारे प्रवासी घडीचे' या पुस्तकाच्या नावात प्रवास आहे. आत मात्र एकेक असामी गावात अशी रुतून बसलेली, की भूकंपानेही हलू नये. त्या पुस्तकाची गोडीच ती आहे, म्हणून ही तक्रार नव्हे. पण किनाऱ्यावर जन्मलेला मराठी लेखक समुद्राकडे तोंड करून उभा राहिला तरी त्याचे पाय वाळूत असतात, ही गोष्ट खरी.

जहाज हेच घर झालेली मराठी कादंबरी म्हटली, की मला पहिली आठवते विश्राम बेडेकरांची १९३९ची 'रणांगण'. युरोपातून हिंदुस्थानाकडे येणारी बोट. तिच्यावर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू. चक्रधर मुंबईला उतरतो, कारण त्याला उतरावयास मुंबई आहे. हॅर्टाला उतरावयास पृथ्वीवर जागा नाही. पाण्यावर राहणे म्हणजे काय, हे इतक्या थोड्या पानांत मराठीत दुसऱ्या कुणी सांगितलेले मला माहीत नाही. पु. ल. देशपांड्यांनी १९६५मध्ये हेमिंग्वेच्या म्हाताऱ्याला 'एका कोळियाने' म्हणून मराठीत आणले, आणि होडीतला एकटा म्हातारा आपल्या घरोघरी पोचला. पण तो म्हातारा होडीत राहत नाही, हे काकांना मला मुद्दाम सांगावे लागले. त्याची खोपटी किनाऱ्यावर आहे, आणि सारा पराक्रम करून तो तेथेच येऊन झोपतो. अनंत सामंतांच्या 'एम टी आयवा मारू'ने खलाशांचे जगणे मराठी वाचकापुढे आणले. तेथे पाणी आहे, पोलाद आहे, तेल आहे. पण तो नोकरीचा समुद्र. नोकरी संपल्यावरचा नाही. आणि प्रत्यक्षात तर मराठी माणूस स्लोकमच्या वाटेनेही जाऊन आला आहे. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ला मुंबईहून गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकटे निघाले नि मे २०१०मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. त्या प्रवासाच्या अंगाने एखादी मराठी कादंबरी उभी राहावी, अशी माझी फार इच्छा आहे.

हे असे का? मला दोन कारणे दिसतात. पहिले असे, की माणूस पाण्यावर घर करतो तो बहुधा जमीन नाकारली गेल्यावर. काश्मीरात बाहेरच्यांना जमीन घेता येत नसे, म्हणून साहेबांनी हाऊसबोटी केल्या. फिट्झजेरल्डबाईंना लंडनात घर परवडले नाही. हॅर्टाला देश नव्हता. कोकणी माणसाला जमीन नाकारलेली नसते. उलट ती त्याला चिकटलेली असते, सातबाऱ्यावर सतरा नावांसकट. आणि येथे मला काकांचे कोडे उलगडले. त्यांच्या घराचे तीन भावांत वाटप झालेले नाही. माजघर कुणाचे, पडवी कुणाची, फणस कुणाचा, यावर दोन पिढ्या बोलणे बंद आहे. छत्तीस वर्षे काकांनी दर गणपतीला घराच्या दुरुस्तीचे पैसे पाठवले आणि परतले तेव्हा त्यांना मागच्या पडवीत एक खाट मिळाली. होडीला सातबारा नसतो, हे त्यांनी हेरले होते. स्लोकमच्या पुस्तकात त्यांनी वाचला तो जगप्रवास नव्हे. वाचली ती एक अशी जागा, जेथे शेतात टेकू देऊन उभे असलेले जुने लाकूड सर्वस्वी एकाच माणसाचे होते.

दुसरे कारण पाऊस. आमच्याकडची होडी बारमाही नसते. जूनच्या आधी ती वाळूवर ओढावयाची, वर चुडतांचे झाप किंवा आता प्लास्टिकचे कापड घालावयाचे, आणि नारळी पौर्णिमेला बंदरावर नारळ पडेपर्यंत तिला विसरावयाचे. १ जून ते ३१ जुलै सरकारी मासेमारीबंदी असते ती निराळीच. म्हणजे जी होडी माणसाचे घर व्हावयाची, तिलाच चार महिने घर लागते! सिंधुदुर्ग किल्लाही पाण्यातच आहे, तेथे आजही काही कुटुंबे राहतात. पण तेथे पायाखाली कुरटे बेटाचा खडक आहे नि खाऱ्या दर्यात गोड पाण्याच्या तीन विहिरी आहेत. होडीत दूधबाव कुठून आणणार? १६ मे २०२१ला तौक्ते वादळ आले, तेव्हा या किनाऱ्यावर नांगरलेल्या होड्यांची काय गत झाली ती आम्ही पाहिली आहे.

पावसाचे हे भान मराठीतल्या एका ग्रंथाला पुरेपूर आहे, आणि तो कादंबरी नाही. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र'. त्याच्या आरमारावरच्या प्रकरणात कोणती जहाजे किती असावीत हे तर आहेच. पण पावसाळ्याआधी ती कोठे नि कशी छावणीस न्यावी, याचीही काळजी आहे. लाकडाविषयीही तीच दृष्टी. आंबा-फणसाची लाकडे आरमाराच्या कामाची खरी, पण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात, तेव्हा जबरीने तोडू नयेत, असे अमात्य बजावतात. फळी पाहून ज्याला ते झाड लावणारा माणूस दिसतो, त्याला मी मोठा लेखक म्हणतो. तीनशे वर्षांत आमच्या कथा-कादंबऱ्यांना ही नजर फारशी साधलेली नाही.

माझ्या तर नाहीच. माझ्या एका कादंबरीत नायक आषाढातल्या रात्री होडी घालून खाडीबाहेर जातो. विरहाला आषाढ बरा दिसतो म्हणून मी तो घातला होता. वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांनी, जे जन्मभर रापणीवर जगले, ती मुलाकडून वाचून घेतली नि शाळेच्या फाटकाशी मला गाठून एवढेच विचारले, "मास्तरानू, आषाढात होडी कोण घालता?" परीक्षणे चांगली आली होती. त्या प्रश्नाला माझ्यापाशी आजही उत्तर नाही.

देवबागला होडी पाहावयास गेलो तेव्हा मी त्याच गृहस्थांना बरोबर घेतले. फायबरच्या होड्या आल्यापासून जुन्या लाकडी होड्यांना गिऱ्हाईक कमी. ही स्वस्तात निघत होती. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती आणि होडी वाळूत कलती बसली होती. नवा निळा रंग, नाळेवर झेंडूची माळ. काका हरखले. मी म्हटले, भरतीपर्यंत थांबू. विकणाऱ्याने काही हरकत घेतली नाही, उलट चहा मागवला. रापणीवाल्या गृहस्थांनी मात्र कुणाशी न बोलता चाकूचे टोक तळाच्या लाकडात चार ठिकाणी रोवून पाहिले, खिळ्यांभोवतीचा गंज नखाने खरवडला, आणि काकांना म्हणाले, "पाणी खयसून येता, ता आदी बघा." दुपारी पाणी चढले, होडी सरळ झाली, डुलू लागली, आणि तळाच्या दुसऱ्या फळीच्या सांध्यातून एक बारीक धार आत आली. त्या फटीतला कापूस कधीच कुजला होता. काका डबा घेऊन पाणी उपसू लागले. इतके आनंदात मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

घरी आल्यावर मी काकींना विचारले. त्या भांडी घाशीत होत्या. त्यांना आजवर कुणी विचारलेच नव्हते. त्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "पावसाचे चार म्हयने खय रवतलास?" स्लोकमच्या हेटीने हेच विचारले असेल काय, असे माझ्या मनात आले. तिचे उत्तर छापले गेले नाही एवढेच.

वाचकांना उत्सुकता असेल म्हणून सांगतो. काकांनी होडी घेतली. मे महिन्यात ती टेम्पोवर घालून गावात आली आणि घरामागच्या फणसाखाली टेकू देऊन उभी राहिली. वर चुडतांचे झाप आहेत. पावसाळाभर काका दुपारचे तिच्यात बसून वाचीत असत. पाऊस थांबल्यापासून सांध्यांत तेलाचा कापूस ठोकणे चालू आहे. फणस सामाईक आहे. त्याच्याखालची जागा कुणाची, यावरून थोरल्या भावाने नुकतीच तलाठ्याकडे विचारणा केली आहे. काकी संध्याकाळी चहा घेऊन होडीपर्यंत जातात, आत चढत नाहीत. 'ऑफशोअर' मी त्यांना श्रावणात वाचावयास दिली होती. ती अजून परत आलेली नाही.